जिभेला विचारून बसवलेले दात

इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातांना आधार देण्यासाठी हाडात बसवायचे धातूचे स्क्रू, कुठे बसवायचे हे जीभ आणि गाल यांच्या स्नायूंचा कल पाहून ठरवणारी एक सेवा मी घेतली. तिच्याबद्दलचे हे मत खालच्या जबड्यात एकही दात नसताना अकरा वर्षे कवळीवर काढलेल्या माणसाचे आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो. कारण ज्याचा एखादाच दात पडला आहे आणि ज्याचे शेजारचे दात जागच्या जागी शाबूत आहेत, त्याला या सेवेची फारशी गरज आहे असे मला वाटत नाही. शेजारी दात असले की नवा दात कुठे, किती जाडीचा आणि किती उंच हवा, हे त्या शेजाऱ्यांकडूनच कळते. बोळक्या जबड्यात मात्र खुणेला काही उरत नाही. हाडाची झिजलेली कड, तिच्यावर ताणलेली हिरडी आणि दोन्ही बाजूंना क्षणभरही स्वस्थ न बसणारे स्नायू, एवढ्याच ऐवजावरून सगळ्या दातांची जागा ठरवायची असते.

जीभ आतून बाहेर रेटते, गाल आणि ओठ बाहेरून आत रेटतात, आणि हे दोन्ही जोर जिथे एकमेकांना पुरे पडतात त्या चिंचोळ्या पट्टीला दंतवैद्य न्यूट्रल झोन म्हणतात. दात या पट्टीत असले तर त्यांना कोणी ढकलत नाही आणि तेही कोणाला टोचत नाहीत. ब्रिटिश दंतवैद्य विल्फ्रेड फिश यांनी १९३०च्या दशकात ही कल्पना मांडली आणि पुढे ती मुख्यतः पूर्ण कवळ्यांसाठी वापरली गेली. मी घेतलेल्या सेवेत हीच जुनी कल्पना इम्प्लांटच्या संगणकीय नियोजनाच्या अगोदर आणून ठेवलेली आहे. आधी स्नायूंचा समतोल नोंदवायचा, त्या नोंदीच्या आत दात मांडायचे, आणि त्या दातांना आधार देण्यासाठी हाडात इम्प्लांट कुठे आणि कोणत्या कलाने उभे राहतील हे सर्वांत शेवटी शोधायचे, असा तिचा क्रम आहे. ज्या दवाखान्यात हे काम झाले त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारीही आहेत, आणि मला बोलायचे आहे ते पद्धतीबद्दल.

पहिली शंका मलाही हीच आली होती की, दात स्क्रूने हाडात पक्के बसणार असतील तर जिभेची आणि गालाची एवढी मनधरणी कशासाठी करायची? कवळीचे समजू शकते. माझ्या जुन्या कवळीचे दात जिभेच्या अंगाला फार आत बसवलेले होते, त्यामुळे बोलताना जीभ पसरली की कवळी उचलली जाई. वर्गात शिकवताना फळ्याकडे वळलो की मी ती जिभेच्या टोकाने दाबून धरत असे, आणि ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की, निवृत्तीनंतरही वाक्याच्या शेवटी माझी जीभ खाली जाई. स्क्रूने बसवलेले दात असे उचलले जाणार नाहीत, हे उघड आहे. पण तेच दात दोन मिलिमीटर आत आले तर जीभ रोज चावली जाते, दोन मिलिमीटर बाहेर गेले तर गाल चावला जातो, आणि गालापासून फार दूर राहिले तर मधल्या पोकळीत घास साठून राहतो. शिवाय एक गोष्ट मला डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितली, आणि तिथेच माझे शंकानिरसन झाले. नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचे पातळ अस्तर असते, म्हणून जिभेचा किंवा ओठाचा हलका पण सततचा दाब असला की तो हळूहळू सरकतो आणि आपली जागा स्वतः शोधतो. तारा लावून दात सरळ करता येतात ते याच कारणाने. इम्प्लांटला असे अस्तर नसते. स्वीडनचे वैद्यक संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढू म्हणता निघेना, आणि त्यातूनच पुढे इम्प्लांटचे हे शास्त्र उभे राहिले. धातू आणि हाड एकजीव होतात हा त्याचा गुण आहे आणि चुकीच्या जागी बसला तर तोच त्याचा दोषही आहे. तो सरकत नाही. म्हणजे स्नायूंशी जी काही बोलणी करायची, ती भोक पाडण्याच्या आधीच उरकावी लागतात.

ही बोलणी संगणकावर होत नाहीत. सेवेच्या माहितीपत्रकात सगळे काही डिजिटल असल्याचा मोठा गवगवा होता, पण ज्या टप्प्यावर सगळे अवलंबून होते तो टप्पा गरम पाण्याचे भांडे, हातमोजे आणि मेणासारखा एक पदार्थ यांच्या बळावर पार पडला. हिरडीवर बेतलेल्या अॅक्रिलिकच्या पातळ पट्टीवर त्या मऊ पदार्थाची जाड वळी बसवून ती माझ्या तोंडात ठेवली गेली, आणि मग सूचना सुरू झाल्या: काका, आवंढा गिळा, ओठ पुढे काढा, आता हसा, जीभ या गालाकडून त्या गालाकडे न्या, पाण्याचा छोटा घोट घ्या आणि पुन्हा गिळा. दहा मिनिटे हे चालले. नंतर ती वळी बाहेर काढून माझ्या हातावर ठेवली तेव्हा मी थक्क झालो. मला वाटले होते की, घोड्याच्या नालासारखी एकसारखी कमान तयार झाली असेल. प्रत्यक्षात ती पावसाळ्यानंतरच्या शेताच्या बांधासारखी दिसत होती. पुढे खालच्या ओठाने ती आत दाबून खोलगट केली होती, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी, जिथे गालाचे आणि ओठांचे अनेक स्नायू एका गाठीत येऊन मिळतात, तिथे ती चिमटीत धरल्यासारखी अरुंद झाली होती, आणि उजवी बाजू डावीपेक्षा स्पष्टपणे जिभेकडे सरकलेली होती. मी वर्षानुवर्षे उजव्या बाजूनेच चावत आलो आहे, हे मी कोणाला सांगितले नव्हते. वळीने सांगितले.

बोलण्याच्या चाचणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठी वाचकाला ते उपयोगी पडेल. वळी तोंडात असताना साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोजायला सांगितले होते. ‘स’ म्हणताना वरचे आणि खालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात पण टेकत नाहीत, आणि ‘फ’, ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या पटाशीच्या दातांच्या कडेला भिडतो, म्हणून असे ध्वनी निवडतात. पण यादी बाहेरच्या कुठल्या तरी भाषेवर बेतलेली असावी असे जाणवत होते. मराठीत ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ हे दोन निराळे ध्वनी आहेत. पहिल्याला जीभ टाळूवर चढते, दुसऱ्याला ती पुढे येऊन दातांच्या मुळाशी टेकते. ‘जेवला’ आणि ‘जावई’ यांचेही तसेच. माझ्या जुन्या कवळीची खरी फजिती या दुसऱ्या जातीच्या ध्वनींवर होत असे, म्हणून मी आपण होऊन ‘चार चाके’ आणि ‘जावई जवळच जेवला’ असे म्हणून दाखवले. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर उतरवून घेतले आणि पुढच्या भेटीत ते शब्द छापील यादीत आलेले होते. ऐकून घेणारे लोक आहेत, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

मात्र ही पहिली नोंद वाया गेली. त्या दिवशी आधीच तासभर तपासणी झाली होती, मी दमलो होतो, आणि खुर्चीची पाठ अर्धवट मागे झुकलेली होती. पाठ टेकून मान मागे गेली की जीभ मागे घसरते आणि गिळण्याची ढबच बदलते. सरळ बसून घेतलेल्या दुसऱ्या नोंदीशी ती ताडून पाहिली तेव्हा डाव्या दाढेच्या जागी जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक निघाला. चूक त्यांनीच शोधली आणि दुरुस्तही केली, त्यामुळे मी ती फार ताणत नाही. तरी ज्या सेवेचा पायाच ही दहा मिनिटे आहेत, तिथे रुग्णाला आल्या आल्या, ताज्या दमाने आणि ताठ बसवून ही नोंद घेण्याचा नियम असायला हवा होता.

दुसऱ्या नोंदीवरही लगेच विश्वास ठेवला गेला नाही, आणि हे मला या पद्धतीतले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटले. दात नसलेल्या जागेत जीभ वर्षानुवर्षे पसरत जाते. तेव्हा आज जी पट्टी दिसते ती स्नायूंच्या मूळ समतोलाची आहे की त्यांना लागलेल्या वाईट सवयीची, हे एका भेटीत कळणे अवघड असते. म्हणून वळीचे स्कॅन करून, तिच्या हद्दीत संगणकावर दात मांडून, थ्रीडी प्रिंटरवर एक तात्पुरती कवळी काढली गेली आणि ती मला सहा आठवडे वापरायला दिली. तिच्या कडा खरखरीत होत्या आणि दोन ठिकाणी हिरडी सोलली, पण ती उचलली जात नव्हती. सहा आठवड्यांनी तिसरी नोंद झाली. जीभ किंचित आवरली होती; उजवी बाजू मात्र जिथल्या तिथे होती.

यानंतरचा भाग खरोखरच डिजिटल आहे आणि तो पाहताना मजा येते. तात्पुरत्या कवळीत क्ष-किरणांना अडवणारे बारीक ठिपके बसवून, ती तोंडात ठेवून जबड्याचा ‘कोन बीम सीटी’, म्हणजे शंकूच्या आकाराच्या क्ष-किरण झोताने घेतलेला त्रिमितीय स्कॅन, केला जातो. मग कवळीचा एकटीचा वेगळा स्कॅन होतो, आणि ठिपक्यांवर ठिपके जुळवून दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवली जातात. हा खटाटोप लागतो, कारण या स्कॅनमध्ये हाड फार चांगले दिसते, पण जीभ, गाल आणि हिरडी यांचे नुसते करडे ढग दिसतात. जी यंत्रणा स्नायू पाहूच शकत नाही ती त्यांचा विचार तरी कसा करणार? गंमत अशी की, आधीच्या सगळ्या भेटींत ‘गिळा, गिळा’ म्हणणाऱ्या त्याच बाईंनी इथे ‘आता अजिबात गिळू नका’ असे बजावले. पंधरा-वीस सेकंदांच्या त्या स्कॅनमध्ये जबडा जरासा हलला तरी चित्र पुसट होते.

पडद्यावर माझा खालचा जबडा उभा राहिला तेव्हा तो इतका बारीक झाला असेल असे वाटले नव्हते. दात गेल्यावर हाड झिजते हे ऐकून होतो. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या टॅलग्रेन यांच्या पंचवीस वर्षांच्या पाहणीत पुढच्या भागात खालचा जबडा वरच्याच्या साधारण चौपट झिजल्याचे आढळले होते, हेही नंतर वाचले. मागच्या बाजूला हाडाची उंची उरली नव्हती, म्हणून चार इम्प्लांट पुढच्या भागातच घ्यायचे, त्यातले कडेचे दोन मागे कलते ठेवायचे आणि त्यांच्यावर सगळी दंतपंक्ती पेलायची, असे ठरले. डावीकडे काम सरळ झाले. उजवीकडे हाड आणि जीभ यांचे जमेना.

हा पेच नीट समजावून घेण्यासारखा आहे. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या आतून येते आणि उपदाढांच्या खाली एका छिद्रातून बाहेर पडते. पुष्कळांमध्ये ती बाहेर पडण्याआधी थोडी पुढे जाऊन वळसा घेते. तिच्यापासून निदान दोन मिलिमीटर अंतर राखायचे, हा शस्त्रक्रियेचा ठरलेला दंडक. तो पाळून उजव्या कडेचा इम्प्लांट हाडाच्या मधोमध ठेवला तर त्याच्या स्क्रूचे तोंड दाताच्या चावायच्या पृष्ठभागातून निघण्याऐवजी गालाकडच्या भिंतीतून बाहेर येत होते, कारण स्नायूंच्या नोंदीप्रमाणे तो दात बराच आत, जिभेच्या बाजूला होता. इम्प्लांट सरळ आत सरकवावा, तर त्या बाजूला हाडाची भिंत आतल्या अंगाला कललेली; ती फुटली तर जिभेखालच्या रक्तवाहिनीला इजा होऊन तोंडाच्या तळाशी रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो श्वासमार्ग दाबण्याइतका गंभीर होऊ शकतो. नुसते हाड पाहून नियोजन केले असते तर दात निमूटपणे बाहेर सरकवला गेला असता, संगणकाने हिरवी खूण केली असती आणि माझा गाल जन्मभर चावला गेला असता. इथे तसे झाले नाही. इम्प्लांटचे डोके मिलिमीटरभराहूनही कमी आत घेतले गेले, त्याचा कल बदलला गेला, आणि उरलेला फरक इम्प्लांट आणि दात यांच्यामधल्या, तीस अंशांत वळलेल्या जोडतुकड्याने भरून काढला गेला. दात काही अंशी तडजोडीच्या जागी आला, पण ती तडजोड किती आणि कशासाठी, हे मला पडद्यावर दाखवून माझी संमती घेतली गेली. या एका दुपारसाठी मी या सेवेला पैकीच्या पैकी गुण देईन.

इथे एक खुलासा करावासा वाटतो. स्नायूंचा समतोल असे म्हटले की काही ठिकाणी गालांवर आणि कानशिलांवर इलेक्ट्रोड चिकटवून चावण्याच्या स्नायूंची विद्युत क्रिया मोजतात आणि तिच्यावरून जबड्याची बैठक ठरवतात. तो प्रकार वेगळा आहे. त्याच्या उपयुक्ततेबद्दल दंतवैद्यांमध्येच बरेच मतभेद आहेत. मी ज्याबद्दल लिहितो आहे त्यात यंत्राने मोजलेला आलेख नसतो. स्नायूंनी स्वतः दाबून घडवलेला आकार असतो, आणि तो हातात घेऊन पाहता येतो.

शस्त्रक्रियेसाठी नियोजनानुसार रेझिनची मार्गदर्शक पट्टी छापली जाते. तिच्यात ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या कलाने धातूच्या नळ्या असतात आणि ड्रिल त्यांतूनच उतरते. पडद्यावर दशांश मिलिमीटरचे आकडे पाहून आपण भुलतो, म्हणून सांगतो: अशा पट्टीनेही इम्प्लांट ठरलेल्या जागेपासून सरासरी मिलिमीटर-दीड मिलिमीटर आणि तीन-चार अंश इकडेतिकडे जातो. नसेपासून ठेवलेले दोन मिलिमीटर यासाठीच असतात. माझ्या वेळी पट्टी पहिल्यांदा बसवली तेव्हा ती किंचित डुगडुगत होती, कारण भुलीच्या इंजेक्शनाने हिरडी फुगली होती. काम थांबवून, थोडा वेळ जाऊ देऊन, वरच्या कवळीवर चावायला लावून ती पुन्हा बसवली आणि हाडात पिना घालून पक्की केली. पट्टीमुळे पाण्याचा फवारा ड्रिलच्या टोकापर्यंत नीट पोहोचत नाही हा या पद्धतीचा आणखी एक जाच आहे. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापले तरी त्याला इजा होते, म्हणून ड्रिल सारखे वर काढून पाणी सोडावे लागते. लांब ड्रिलसाठी तोंड बरेच उघडावे लागते, ते निराळेच. ज्याचा जबडा तीन बोटे आत जाण्याइतका उघडत नाही त्याने हे आधीच विचारून घ्यावे.

तात्पुरते दात त्याच दिवशी लागले आणि तीन महिन्यांनी कायमचे. या गोष्टीला आता आठ महिने झाले आहेत. पहिले दोन आठवडे ‘स’ म्हणताना शीळ वाजत होती, ती आपोआप गेली. ‘चाक’ आणि ‘जावई’ सुखरूप आहेत. गाल एकदाही चावला गेलेला नाही. डाव्या बाजूला दंतपंक्तीखाली घास अडकतो आणि तिथे बारीक ब्रश रोज फिरवावा लागतो; हे टाळता आले असते का, याचे उत्तर मला समाधानकारक मिळाले नाही. आणि एक प्रामाणिकपणे सांगायला हवे की, साध्या पद्धतीने इम्प्लांट बसवले असते तर मला किती त्रास झाला असता हे मी स्वतःच्या तोंडात करून पाहिलेले नाही. स्नायूंच्या नोंदीचा फायदा सुट्या कवळीत जितका ठळकपणे जाणवतो तितका पक्क्या दातांत जाणवणार नाही, असाच माझा अंदाज आहे. माझ्यासारखी झीज, इतक्या वर्षांची मोकळी जागा आणि एका बाजूची चावण्याची खोड असेल, तर मात्र हा वेळ घालवावा असे मी म्हणेन. तो कमी नाही, सगळे मिळून माझ्या नऊ फेऱ्या झाल्या.

तक्रारींपैकी मोठी तक्रार कागदपत्रांची आहे. नियोजनाचा अहवाल म्हणून मला रंगीत चित्रांची बावीस पाने मिळाली, ज्यांतल्या एकाही चित्राखाली मला कळेल असे एक वाक्य नव्हते. मूळ फाइली मागितल्या तर पहिल्या दोन वेळा पुन्हा चित्रेच हाती पडली. उद्या गाव बदलले किंवा दवाखाना बंद झाला तर एखादा स्क्रू ढिला झाल्यावर पुढचा डॉक्टर काय पाहणार? इम्प्लांटची बनावट, त्याची लांबी-जाडी, जोडतुकड्याचा कोन आणि स्नायूंच्या नोंदीचा स्कॅन एवढे तरी रुग्णाच्या हातात न मागता पडायला हवे. तिसऱ्यांदा लेखी मागणी केल्यावर ते मिळाले.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा उजवीकडच्या त्या तडजोडीच्या दाताची जिभेकडची कड मला सारखी जाणवत असल्याचे सांगितले. बाईंनी जिभेवर आणि दातावर बोट फिरवून पाहिले, लहान यंत्राने कड अर्धा मिलिमीटर घासली, गुळगुळीत केली आणि ‘चार चाके’ म्हणायला लावले. पाच मिनिटांत काम झाले. माझ्याकडे आलेल्या फाइलीत तो दात अजून जुन्याच जाडीचा आहे.